दोन स्पीकरांच्या मधली जागा

“वैनी, टेस्टर हाय का घरात?”

“नाही,” मी म्हणाले.

टेस्टर होता. माझ्या शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली, त्याच्या नेहमीच्या जागी होता. पण माझ्याच घरातली वस्तू उचलून न्यायला मीच हत्यार पुरवायचं, इतकी काही मी गरीब गाय नव्हते.

हणमंतभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, हॉलमधल्या लाकडी कपाटापुढं उकिडवे बसले होते. दसऱ्याची दुपार. अंगात कोरा सदरा, कपाळाला टिळा आणि दारात टेम्पो उभा. टेम्पोत जुन्या गोधड्या अंथरलेल्या मी खिडकीतून पाहिल्या होत्या. माणूस सोनं द्यायला येतो तेव्हा आपट्याची पानं आणतो, गोधड्या आणत नाही.

“ऱ्हाऊ दे, बिनटेस्टरचं काढतो,” असं म्हणून त्यांनी रिसीव्हर कपाटातून पुढं ओढला आणि खाली सतरंजीवर, पाठ आमच्याकडं करून ठेवला. ओढताना स्पीकरच्या तारा सटासट निघाल्या.

आता मी सत्तरी ओलांडली. पण ती तारांची सटासट अजून कानात आहे.

तो रिसीव्हर माझ्या ह्यांचा. हे साखर कारखान्यात फिटर होते. त्यांचा एक मित्र मस्कतची नोकरी सोडून परत आला, तेव्हा त्याच्याकडून ह्यांनी रिसीव्हर आणि कमरेएवढे दोन स्पीकर घेतले. फलटणच्या आमच्या गल्लीत सगळे त्याला ‘डेक’ म्हणायचे. हे चिडायचे. “डेक येगळा. त्यो वरचा, कॅसेटचा. ह्यो रिसीव्हर. ह्यातच रेडिओ आन् ह्यातच अ‍ॅम्प्लिफायर,” असं येईल त्याला समजावायचे. येणारा मान डोलवायचा आणि चहा पिऊन जाताना म्हणायचा, “डेक मात्र झकास हाय बरं का, बोराटे.”

चैत्रात हे गेले. कारखान्यातली पाळी करून आले, बूट काढले, चहा मागितला, आणि मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत गेले. तेराव्याला जमलेल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, की वर्षभर ह्या घरात गाणं-बजावणं होणार नाही. मला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धत नाही. रिसीव्हरवर माझी एक जुनी साडी टाकली गेली, आणि दोन स्पीकरांच्या मधल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच खिळ्याला ह्यांचा हार घातलेला फोटो लागला.

भाऊजींनी बारामतीला नवा बंगला बांधला होता. दिवाळीनंतर वास्तुशांत होती, आणि नव्या हॉलला हे सामान शोभणार होतं. भाऊ त्यांचाही गेला होता. पण वर्षाचा दुखवटा काय तो माझ्याच घराला चिकटला होता.

“तुमाला तरी काय करायचंय वैनी त्याचं?” तारा गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले. “वर्षभर तर लावायचं न्हाई. आन् वर्षानंतर तरी बरं दिसतंय का? बाईमाणूस एकटं घरात, आन् गाणी लागल्यात. हितं नुसतं पडून गंजंल. आमच्याकडं वाजंल तरी. दादाचंच नाव निघंल.”

“मी देते म्हणाले नाही.”

“द्यायचा प्रश्नच कुठं येतोय? घरातलं घरात.”

दाराजवळच्या पलंगावर आत्या बसल्या होत्या. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी नजर चुकवली आणि पदराचा काठ सारखा करत बसल्या. एक लेक गेला होता. उरलेल्याला दुखवायचं बळ त्यांच्यात नव्हतं. त्या स्वतः भर तारुण्यात विधवा झालेल्या. लग्नात पुढं जायचं नाही, ओटी भरायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही, हे सगळं त्यांनी जन्मभर बिनबोभाट पाळलेलं. मला ते पाळायला लावणं हे त्यांना आपलं कर्तव्यच वाटत होतं. त्यात दुष्टपणा नव्हता. दुष्टपणा असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

“पुजल्याबिगर उंबऱ्याबाहेर काढू नगा रं,” आत्या म्हणाल्या. “दसरा हाय आज. औंदा सण आपल्याला नसला तरी यंत्राला हाय.”

मी उठले आणि देवघरातून हळदीकुंकवाचं ताट घेऊन आले. दर दसऱ्याला शिवणयंत्र, ह्यांची सायकल आणि हा रिसीव्हर, तिन्हींची पूजा मीच करायची. सवयीनं माझं बोट कुंकवात गेलं.

“तू नगं,” आत्या म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण म्हणाल्या. “शालनला करू दे. तिचं कुंकू हाय.”

शालन ही माझी धाकटी जाऊ. मनानं वाईट नव्हती. नवरा ‘बस’ म्हणाला की बसायची आणि ‘ऊठ’ म्हणाला की उठायची, एवढंच. तिनं माझ्या हातातून ताट घेतलं. तिलाही कसंसंच झालं असावं, कारण ती माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाली, “कुठं लावू?”

“हितं लाव की. हितनंच आवाज निघतो.” भाऊजींनी पाठीमागच्या चापांकडं बोट केलं.

रिसीव्हरच्या पाठीला स्पीकरच्या तारा धरायला चाप असतात. एकेका स्पीकरचे दोन, एक लाल आणि एक काळा. रिसीव्हरच्या लालातली तार स्पीकरच्याही लालात जायची, आणि काळ्यातली काळ्यात. त्यात शास्त्र काय ते एवढंच. शालननं तेलात कुंकू कालवलं आणि देवाला लावावं तसं मन लावून सगळ्या चापांवर भरघोस बोटं ओढली. वर हळदीची चिमूट. सगळेच चाप लालभडक झाले. त्यातला काळा कुठला, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मला सांगता आलं असतं. मी पाहिलं आणि गप्प बसले.

ते का, हे कळायला आमच्या घरातली एक गोष्ट माहीत असायला हवी. हे अंगानं दांडगे. कपाटामागच्या फटीत त्यांचा हात जायचाच नाही. त्यामुळं स्पीकर जोडायचं काम पहिल्या दिवसापासून माझं. दर दिवाळीच्या साफसफाईला तारा काढायच्या, पुसायच्या आणि पुन्हा लावायच्या. मी भिंत आणि कपाटाच्या मध्ये, दातात टॉर्च धरून, तोंडावर जळमटं. आणि हे समोर पलंगावर मांडी घालून, महाराजांसारखे.

“चाप दाब. तार पुरी आत घाल. एक केस भाईर राहिला तर शेजारच्या तारेला चिकटंल.”

“एवढं कळतंय तर या की तुम्हीच.”

“मला ऐकायचं काम हाय.”

एका वर्षी माझ्या हातून एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या. गाणं सुरू झालं, दोन्ही स्पीकर वाजत होते, तरी हे पलंगावरून ओरडले, “इंदू, बाई कुठं गेली गं?”

“कुठली बाई?” मी फटीतूनच ओरडले. आधी वाटलं, मोलकरणीबद्दल विचारतायत.

“अगं, गाणारी! हितं मधी उभी पायजे, कॅलेंडरपाशी. कुठंच न्हाई बघ.”

मी बाहेर येऊन ऐकलं. खरंच नव्हती. तबल्याचा दम गेला होता, आणि आवाज घरभर हिंडत होता पण कुठंच टेकत नव्हता. ह्यांनी मग समजावलं, की एक स्पीकर हवा पुढं ढकलतो त्याच वेळी दुसरा मागं ओढतोय. एका जुवाला दोन बैल, पण तोंडं दोन दिशांना. मी तारा सुलट्या केल्या आणि बाई आली. अगदी कॅलेंडरपाशी येऊन उभी राहिली. डोळे मिटले तर हात लावता येईल अशी. त्या दिवसापासून ती जागा आमच्यात ‘बाईची जागा’. तिथं आम्ही खुर्चीसुद्धा ठेवली नाही कधी. पुढं चूक नको म्हणून लालात जाणाऱ्या तारांना मी पांढरा दोरा बांधून ठेवला.

हे सगळं आमच्या दोघांतलं होतं. गल्लीला वाटायचं, बोराटे जोडतात. मीही कधी सांगितलं नाही. भाकरी मी भाजते हे तरी कुठं सांगत फिरत होते?

“गाडीत घालायच्या आधी एकदा वाजवून बघतो,” भाऊजी म्हणाले. “तिथं नेऊन फजिती नगं.”

“तपासण्यापुरतं लाव,” आत्या म्हणाल्या. “मोठ्यानं नगं.”

भाऊजींनी त्या ओल्या कुंकवात तारा खुपसल्या. डावा स्पीकर नशिबानं बरोबर लागला. उजव्याचा दोरा काळ्यात गेला. तो दोरा कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगायला बांधलेली नव्हते. डेकमध्ये चैत्रातली कॅसेट तशीच होती. त्यांनी बटण दाबलं.

बाई गायला लागली आणि कुठंच नव्हती.

“अगं बया,” शालन म्हणाली. “असा कसा ओ आवाज? हिरीत पडल्यागत.”

भाऊजींनी आवाज वाढवला. तो वाढला तसा जास्तच पोकळ झाला. त्यांनी एक बटण पिळलं, दुसरं पिळलं, रिसीव्हरच्या डोक्यावर थाप मारली. टिळा घामानं नाकावर उतरला. मी फोटोखाली भिंतीला टेकून उभी होते आणि तोंडात पदर धरला होता. बघणाऱ्याला वाटलं असेल, वहिनीला रडू येतंय.

“बिघडलाय,” शेवटी ते म्हणाले आणि गाणं बंद केलं. “बंद ऱ्हाऊन ऱ्हाऊन गेला. आता दुरुस्तीला टाका, मिस्त्री शोधा, त्यापरीस नवा घेतलेला बरा.” ते उठले, गुडघे झटकले आणि मोठ्या मनानं म्हणाले, “ऱ्हाऊ द्या वैनी. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. दादाची आठवण.”

झालं. एक शब्द न बोलता मी जिंकले होते. टेम्पो जसा आला तसा रिकामा जाणार होता. मनात म्हटलं, इंदे, शाबास. हे असते तर पलंगावर लोळून हसले असते.

तेवढ्यात आत्या बोलल्या.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती. “धनी गेला, आता त्याचंबी तोंड मिटलं. असंच असतं ते. ऱ्हाऊ दे कोपऱ्यात गप. साडी टाक त्याच्यावर, इंदे.”

शालननं ती जुनी साडी उचलून माझ्या हातात दिली.

मी साडी हातात घेऊन उभी राहिले. समोर रिसीव्हर, कुंकवानं माखलेला आणि मुका. पलंगावर आत्या, त्याही अशाच, उभा जन्म गप. आणि तिसरी मी. मला लख्ख दिसलं, की रिसीव्हर राहील पण असाच राहील, साडीखाली. कधी लावायचा म्हटला तर दारं-खिडक्या लावून, मुंगीच्या आवाजात. आणि कुणी विचारलंच, बिघडलेला कसा वाजतो, तर खोटं बोलायचं. माझ्याच घरात मी चोर होणार होते. ह्यांनी मला एवढंच शिकवलं होतं का?

मी खाली बसले आणि साडीच्या पदरानं ते चाप खसाखसा पुसायला लागले.

“अगं, अगं!” आत्या किंचाळल्या. “कुंकू पुसू नगंस! पूजेचं कुंकू ते!”

“माझं पुसताना कुणी असं ओरडलं नव्हतं, आत्या.”

बाहेर टेम्पोवाला बिडी ओढत खोकला, तेही आत ऐकू आलं.

मी आधी भिंतीवरचा खटका बंद केला. मग उठून शिवणाचा डबा आणला, रिळं बाजूला सारली आणि टेस्टर काढला.

“टेस्टर न्हाई म्हणालात की!” भाऊजी म्हणाले.

“तुम्हाला नव्हता.”

चापांच्या खाचेत बसलेलं कुंकू मी टेस्टरच्या टोकानं खरवडून काढलं. खालून काळा रंग वर आला. भाऊजी डोक्यावर उभे होते. “वैनी, शाक बसंल. कळत नसताना कशाला हात घालताय?”

“बसायचा असता तर मागंच बसला असता. दरसाल मीच जोडत होते. तुमच्या दादांचा हात इथं शिरतच नव्हता.” मी उजव्या स्पीकरच्या तारा बाहेर काढल्या. “आणि हा बिघडलेला नाही. तुम्ही उलटं लावलंत. मी मघाच पाहिलं.”

“मग मघाच सांगायचं न्हाई?”

“टेम्पो रिकामा जावा म्हणून नाही सांगितलं.”

भाऊजी एक पाऊल मागं सरले. शालननं मात्र सरळ विचारलं, “मग आता का सांगताय, जाऊबाई?”

“वाजवायचाय म्हणून.”

“वरीस व्हायचंय अजून!” आत्या म्हणाल्या. “दसऱ्याचं माणसं दारात यायची. काय म्हणतील?”

“म्हणू देत. बोराट्यांची सून गाणं ऐकते म्हणतील. खोटं थोडंच आहे?”

भाऊजी तोवर सावरले होते. व्यवहारी माणूस. खाकरून म्हणाले, “चालू हाय म्हटल्यावर मग आमी नेतोच की. ठरल्यालंच हाय.”

मला हीच भीती होती. गप्प राहिले असते तर वस्तू वाचली असती; बोलले म्हणून पुन्हा पणाला लागली. पण आता भीती मागं पडली होती आणि राग पुढं आला होता.

“कुणी ठरवलं?” मी हातातला टेस्टर तसाच धरून उठले. “त्यांनी आणला, मी जोडला. ज्याच्या घरात गाणं लागायचं नाही त्याच्या घरातलं यंत्र न्यायचं, आणि स्वतःच्या वास्तुशांतीला वाजवायचं, हा कुठला दुखवटा भाऊजी? भाऊ माझा गेला की तुमचा? सोनं द्यायला आलात, सोनं द्या. जेवायला बसा, पुरण नाही पण वरणभात आहे. पण ह्या सामानाला हात लावायचा नाही. गोधड्या आणल्यात तशा परत न्या.”

त्या घरात आल्यापासून मी दिरापुढं इतकं कधी बोलले नव्हते. माझे पाय थरथरत होते. ते साडीत दिसत नाहीत, हा साडीचा मोठाच फायदा आहे.

मी पुन्हा खाली बसले. दोऱ्याची तार लालात, बिनदोऱ्याची काळ्यात. चाप दाबला, तार पुरी आत घातली, एक केस बाहेर ठेवला नाही. रिसीव्हर फिरवून सरळ केला, खटका लावला, कॅसेट मागं घेतली आणि बटण दाबलं.

बाई आली.

तबला जमिनीतून उचलला गेला आणि तिचा आवाज घरात शिरून थेट आपल्या जागी जाऊन उभा राहिला. मी त्या जागेकडं पाहिलं आणि मग मला आठवलं, की तिथं आता कॅलेंडर नाही. शालननं तिकडं पाहिलं. भाऊजींनी पाहिलं. आवाज दोन्हीकडच्या स्पीकरांतून येतच नव्हता. तो मधून येत होता, हारातून, ह्यांच्या फोटोतून. शालननं पटकन डोक्यावरचा पदर सारखा केला.

मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही.

शेजारची दोन माणसं हातात आपट्याची पानं घेऊन उंबऱ्याशी थबकली. आत यावं की परत फिरावं त्यांना कळेना. आत्या पलंगावरून उठल्या. गुडघ्यांमुळं त्यांना उठायला वेळ लागायचा. त्या भिंतीचा आधार घेत घेत पुढं आल्या. मला वाटलं, ह्या आता वायर ओढणार. ओढली असती तर मी पुन्हा लावली असती, हे मी मनात ठरवूनच बसले होते.

त्या दोन स्पीकरांच्या मध्ये, बाईच्या जागी, जाऊन उभ्या राहिल्या. फोटोकडं मान वर करून बघत राहिल्या. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. मग माझ्याकडं न वळताच म्हणाल्या,

“इंदे, मोठा कर गं जरा. ह्या कानानं मला कमी ऐकू येतंय.”

मी आवाज वाढवला. बटणाला माझ्या बोटांचं कुंकू लागलं.

भाऊजी कधी गेले ते मी पाहिलं नाही. पलंगावर आपट्याची पानं मात्र ठेवून गेले होते. पुढं आत्या होत्या तोवर रोज संध्याकाळी आमच्या घरात गाणं लागायचं, आणि गल्ली म्हणायची ते म्हणायची.

तो रिसीव्हर अजून चालतो. दसऱ्याला त्याची पूजा मीच करते. ताट मी घेते, कुंकू मी कालवते आणि पुढच्या बाजूला माझ्या हातानं लावते. मागच्या चापांना लावायचं नाही, एवढं सोवळं मात्र पाळते.